कारणाचा रकाना

कोशित्से, ट्राम डेपो, रात्रपाळी.
राखण्यासारखं फारसं काही नसतं इथे:
सव्वीस ट्राम, एक आजारी मांजर
आणि फाटकावरचा दिवा, जो थंडीत आपोआप विझतो.

म्हणून माझ्याकडे एक राज्य आहे,
पुतण्याने टाकून दिलेल्या लॅपटॉपवर.
साल सोळाशे एक्केचाळीस, वसंत.
ईशान्येला वेल्मार नावाचा प्रांत,
वस्ती नऊ हजार, मेंढ्या, मिठाच्या खाणी, एक पूल.
वेल्मार बंड करतो.
का करतो, ते मला शोधायचंय.

चौकटीची वही घेतली, रकाने आखले:
कर, शिबंदी, धान्य, सुभेदार, कारण.
एका खेपेला एकच गोष्ट बदलायची,
बाकी सगळं जिथल्या तिथे.
बारा महिने जाऊ द्यायचे, बघायचं,
आणि जतन केलेल्या वसंतात परत यायचं.
(निवृत्तीआधी एकतीस वर्षं मी ब्रेक तपासले.
पद्धत मला ठाऊक आहे.)

मिठावरचा कर दुप्पट केला.
वेल्मार मिठाची गुळणी धरून बसला.
तिप्पट केला. हूं नाही की चूं नाही.
शिबंदी काढली, किल्ल्यात नुसता आचारी ठेवला;
कुणी तिकडे फिरकलंही नाही.
कोठारं रिकामी केली तेव्हा वाटलं, आता.
असंतोषाचा आकडा नऊवर गेला, लाल झाला,
आणि माणसं मेली. गुमान. पडद्याच्या कोपऱ्यात
नऊ हजारांचे सात हजार झाले.
मी लिहिलं: बंड नाही.
लिहून झाल्यावरही पेन बराच वेळ हातातच राहिलं.

सतराव्या खेपेला सगळा कर माफ केला,
धान्य पाठवलं, पुलाची डागडुजी केली.
जूनमध्ये काळे झेंडे.

तेविसाव्या खेपेला उमगलं
की खेळ आपले फासे आधीच टाकून ठेवतो.
जतन केलेल्या वसंतात ते गोठून पडलेले असतात, रांगेने.
आधी शेजारच्या प्रांतात गिरणी बांधली, मग कर वाढवला,
तर वाईट फासा गिरणीवर खर्ची पडतो, वेल्मार शांत.
आधी कर, मग गिरणी: बंड.
तोच कर. तीच गिरणी.
म्हणजे नऊ हजारांचा संताप
माझं बोट आधी कुठे टेकलं त्यावर.

हे मी एतेल्काला सांगितलं. सहा नंबर तीच काढते,
पहाटे तीन चाळीसला येते, बुटांचा बर्फ
माझ्याच पायपुसण्यावर झटकते.
ती म्हणाली, "वेन्देलीन, तुझ्या त्या लोकांकडे किटली होती का?"

आमची मंगळवारी नेली.
तीन वर्षं पगार तेवढाच, कुणी बोललं नाही.
नव्या वेळापत्रकात लघवीला चार मिनिटं,
कुणी बोललं नाही.
युनियनचा माणूस आला, कॉफी पिऊन गेला.
मंगळवारी साहेबांनी चालकांच्या खोलीतली किटली उचलली,
विजेच्या बिलाचं सांगून.
बुडाला चुन्याचे खवले, झाकण तारेने बांधलेलं,
कुणाचीच नव्हती ती किटली.

आज गुरुवार. तीन पन्नास.
एतेल्काने किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि ती बसली.
मग ल्युबोर आला, त्याने टेबलाकडे पाहिलं,
त्याच्या किल्ल्या तिच्या किल्ल्यांशेजारी.
मग ती नवी मुलगी, जिचं नाव मला अजून येत नाही.
कुणी घोषणा दिली नाही. खोलीत नऊ जण आहेत
आणि हीटरचा आवाज.

नियमाप्रमाणे मी फाटक उघडायला हवं.
नियंत्रण कक्षाला फोनही करायला हवा.
माझ्या थर्मासमध्ये तीन कप चहा असेल,
फार तर साडेतीन.
मी दारात उभा आहे, एका हातात थर्मास,
दुसऱ्यात फाटकाची किल्ली,
आणि ठरत नाहीये
आधी काय.